उजवीकडचे शून्य

आमच्या पुतण्याने आपल्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक कागद चिकटवला आहे. त्यावर लाल शाईत एवढेच लिहिले आहे: ९-०. घरी येणाऱ्या पाहुण्यांना तो क्रिकेटचा काहीतरी हिशेब वाटतो. वस्तुतः ती चिरंजीवांची मुष्टियुद्धातील आजवरची मिळकत आहे. नऊ लढती जिंकल्या, हरली एकही नाही. त्याच्या वर, जरा मोठ्या अक्षरांत, त्याच्या दैवताचा आकडा: ४९-०. हे दैवत म्हणजे अमेरिकेचा रॉकी मार्सियानो. एकोणपन्नास लढती, एकोणपन्नास विजय; आणि १९५६ साली जगज्जेता असतानाच गडी निवृत्त!

डिसेंबरात आमच्या चिरंजीवांच्या विद्यापीठाचा संघ निवडायचा आहे. त्याच्या वजनगटात यंदा एक असा मुलगा आला आहे की, त्याच्याशी खेळायचे म्हणजे ते उजवीकडचे शून्य धोक्यात. तेव्हा मनगट दुखते असे निमित्त सांगून यंदा नावच द्यायचे नाही, असा घरात ठराव झाला. वहिनींनी तो एकमताने मंजूर केला. (आमच्या घरात त्यांचे एक मत पुरेसे असते.) मला कोणी विचारले नव्हते आणि मीही बोललो नव्हतो.

विषय निघाला तो आंबेनळी घाटात. गौरी-गणपती उरकून आम्ही दोघे पोलादपूरजवळच्या आमच्या गावाहून कराडला माझ्या बहिणीकडे निघालो होतो. हा घाट ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगतो: एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला खोल दरी, वर प्रतापगड, आणि भाद्रपदात ढग जे उतरतात ते थेट रस्त्यावर. पुढे दरडीचे दगड आले होते. ते हलेपर्यंत आमची महाबळेश्वरची एस.टी. एका वळणावर उभी राहिली. मोबाईलला रेंज नाही. अशा वेळी ज्याला आकडे पाठ त्याचे राज्य. आणि पुतण्याला मार्सियानोची सारी कुंडली पाठ होती. ती तो मला ऐकवू लागला.

आमच्या पुढच्या बाकावर कुंभरोशीला उतरणारे एक म्हातारबा बसले होते. डोक्याला पटका, आणि दोन्ही कान कुस्तीने चेमटून गेलेले. ते ऐकत होते हे आमच्या ध्यानात आले नव्हते. एकदम मागे वळून म्हणाले, "पोरा, एकोणपन्नास लई झाल्या. पन त्यात जोडीच्या किती?"

पुतण्याला 'जोड' म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. शहरातल्या मुलांना ते ठाऊक असण्याचे कारणही नाही. जत्रेच्या फडात आधी पोराटोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात, मग नारळावरच्या, मग रोख इनामाच्या, आणि दिवस कलताना शेवटची मोठी कुस्ती. प्रत्येक वेळी पंचमंडळी अंगलट, वय, नाव पाहून तोलाचा गडी समोर उभा करतात. ती जोड. आता एखाद्याने गावोगाव हिंडून उतरती जोडच घेत राहायचे ठरवले, तर शंभर कुस्त्या मारूनही त्याच्या पाठीला माती लागायची नाही.

"आमच्याकडं व्हता की असा येक गडी," म्हातारबा म्हणाले. "जल्मात पाठ लागली न्हाई त्याची. समोर कोन उतरतोय ते बघूनच लांग चढवायचा."

सारी एस.टी. हसली. पुतण्या मात्र हसला नाही.

मग मलाही राहवेना. मार्सियानोने १९५१ साली ज्या जो लुईला पाडले तो सदतीस वर्षांचा होता. निवृत्त झालेला माणूस प्राप्तिकराच्या थकबाकीपायी पुन्हा रिंगणात आलेला. १९५२ च्या सप्टेंबरात ज्या वॉलकॉटकडून जगज्जेतेपद घेतले तो अडतीसचा. शेवटचा प्रतिस्पर्धी आर्ची मूर, तोही चाळिशीच्या घरात.

"म्हंजे म्हातारी मानसं पाडली म्हना की!" म्हातारबा खूश झाले.

इथे मात्र माझे त्यांच्याशी पटले नाही. तो अडतीस वर्षांचा वॉलकॉट बाराव्या फेरीअखेर गुणांवर पुढे होता आणि तेराव्या फेरीत एका ठोशाने सारे फिरले. मूरने तर दुसऱ्याच फेरीत मार्सियानोला खाली बसवले होते. तो उठला आणि नवव्या फेरीत जिंकला. माणूस लढणार तो आपल्या काळात हयात असलेल्यांशीच. त्या काळात जे मातब्बर होते त्यांना मार्सियानोने टाळले नाही. एझर्ड चार्ल्सशी तर एका वर्षात दोनदा खेळला. त्याच्या एकोणपन्नासांतल्या कितीतरी लढती नारळावरच्या आहेत, पण जगज्जेतेपदाच्या त्या सात लढती खऱ्या वजनाच्या. शून्य पुसून टाकले तरी त्या सात राहतातच.

उलट मुहम्मद अलीचा कागद पाहा: ५६-५. आमच्या चिरंजीवांच्या हिशेबाने हा माणूस मार्सियानोच्या खाली. पण ते पाच पराभव तारखा लावून वाचले पाहिजेत. १९७१ साली फ्रेझरकडून, १९७३ साली नॉर्टनकडून, १९७८ साली स्पिंक्सकडून. आणि या तिघांनाही त्याने पुढे हरवले. उरलेले दोन १९८० आणि १९८१ चे, शरीर थकल्यावरचे. शिवाय व्हिएतनामच्या लढाईवर जायला नकार दिला म्हणून १९६७ पासून साडेतीन वर्षे, ऐन पंचविशीची, त्याला रिंगणात उभेच राहू दिले नाही. त्या वर्षांचा त्या आकड्यात मागमूस नाही.

"ते सायब लोकांचं ऱ्हाऊ द्या," म्हातारबा म्हणाले. "आमच्या खाशाबाचं काय?"

कराडला निघालेल्या माणसाला हा प्रश्न चुकवता येत नाही. खाशाबा जाधवांचे गोळेश्वर कराडला लागूनच. १९४८ साली लंडनला सहावा क्रमांक. पुढच्या ऑलिंपिकसाठी पैसे नव्हते. गावोगावच्या वर्गणीवर आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून काढलेल्या पैशांवर गडी हेलसिंकीला गेला, असे सांगतात. १९५२ चा जुलै, वजनगट सत्तावन्न किलोचा. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल त्याने हरवले. हरला तो दोघांकडून: जपानचा इशी आणि सोव्हिएत संघाचा मामेदबेकोव्ह. इशीला सुवर्णपदक मिळाले, मामेदबेकोव्हला रौप्य. म्हणजे त्या गटात त्याला हरवणारे दोघेच, आणि पदकांच्या यादीत त्याच्या वर असलेले तेच दोघे. हकीकत अशीही सांगतात की, जपान्याशी लांबलेली झुंज संपते न संपते तोच त्याला पुढच्या कुस्तीला उभे केले. नियमाने अर्ध्या तासाची विश्रांती हक्काची, पण ती मागायला आपला एकही अधिकारी जवळ नव्हता. हे सारे कागदावर कसे उमटते? 'पराभूत', एवढेच.

स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ साल उजाडले, लिअँडर पेसचे. मध्ये चव्वेचाळीस वर्षे. खाशाबा १९५५ साली पोलिसांत फौजदार झाले, १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर, २००० सालचा. हा कागद वाचायला सरकारदरबारी किती वेळ लागला, ते पाहा!

म्हातारबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पुतण्याला म्हणाले, "तू खेळतोस काय रं?" तो म्हणाला, "हो." "किती झाल्या?" पुतण्या खिडकीबाहेरच्या ढगाकडे पाहत म्हणाला, "झाल्यात थोड्या." नऊ हा आकडा त्याने सांगितला नाही.

दगड बाजूला झाले. कुंभरोशीला म्हातारबा उतरले. कराडपर्यंत आमच्यात मुष्टियुद्धाचा विषय निघाला नाही आणि मीही काढला नाही.

दुसऱ्या दिवशी बहिणीच्या ओट्यावर बसून तो आपल्या सरांशी फोनवर बोलत होता. मनगट बरे आहे म्हणाला. डिसेंबरच्या निवडीसाठी नाव द्या म्हणाला. वहिनींना काय सांगायचे, ते माझ्यावर सोडले असावे. फोन ठेवता ठेवता त्याने एवढेच विचारले, "सर, तो पोरगा आजवर कोणाकोणाकडून हरलाय, ते जरा काढून ठेवाल का?"