प्रोसेसर बदलायचा का?

आमच्या घरातला कॉम्प्युटर २०१२ साली, रमजान ईदनंतर आला. तेव्हा आमची थोरली लेक बालवाडीत होती. आता ती बीएस्सी कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला आहे आणि कॉम्प्युटर अजून त्याच कोपऱ्यात, बायकोने शिवलेल्या त्याच कव्हराखाली आहे. बटण दाबल्यापासून लिहायला बसेपर्यंत सहा मिनिटे लागायची. बायको म्हणायची, "चालू करा आणि चहा प्यायला या."

एका रात्री जेवण झाल्यावर लेक म्हणाली, "अब्बू, नवीन काही घ्यायला नको. फक्त प्रोसेसर बदलू. जुन्यात आय-सेव्हन मिळतो. पाच हजारांत काम होईल, मलाही पुरेल."

पाच हजार ही आमच्या घरात सहज बोलायची रक्कम नाही. पण त्या आठवड्यात एका अनुवादाचे अकरा हजार आले होते आणि पाकीट कपाटातच होते. म्हटले, बघू तरी.

मी या विषयातला माणूस नाही, पण चार दिवस वाचून काढले. आमच्या पेटीत इंटेलचा कोअर आय-थ्री २१२० आहे. २०११ साली बाजारात आलेला, दोन कोअरचा, ३.३ गिगाहर्ट्झचा. लेक म्हणत होती तो आय-सेव्हन ३७७०, त्याच्या पुढच्या वर्षीचा. चार कोअर, एकाच वेळी आठ कामांचे धागे चालवणारा. दोन्हींची बैठक एकच, एलजीए ११५५. म्हणजे जुना काढून त्याच जागी हा बसतो. कागदावर अगदी सोपे.

दिवाणावर बसून अब्बा ऐकत होते. मिरजेत त्यांनी चाळीस वर्षे घड्याळे दुरुस्त केली. डोळे साथ देईनात तेव्हा दुकान बंद केले. त्यांनी विचारले, "हे गिगाहर्ट्झ म्हणजे काय?" मी सांगितले, "प्रोसेसरमध्येही एक प्रकारचं घड्याळच असतं अब्बा. सेकंदाला तीनशे तीस कोटी ठोके." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एवढे ठोके पडतात, तर मागे का पडतो?"

प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

"चावीचं घड्याळ मागे पडतं म्हणून गिऱ्हाईक यायचं," अब्बा म्हणाले. "मी लगेच पार्ट बदलायचो नाही. आधी उघडून बघायचो. बहुतेक वेळा आतलं तेल सुकलेलं असायचं. साफ केलं, थेंबभर तेल दिलं, की चालायचं. आधी मर्ज बघा, मग दवा."

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू करताना टास्क मॅनेजर उघडून बसलो. ही खिडकी कॉम्प्युटरचा कोणता भाग किती राबतो आहे ते दाखवते. प्रोसेसर वीस-पंचवीस टक्क्यांवर आरामात होता. हार्ड डिस्क मात्र शंभर टक्के, सलग पाच मिनिटे. चार जीबी रॅमही जवळपास भरलेली.

मग कोडे सुटले. जुन्या हार्ड डिस्कमध्ये ताटली फिरते, आमच्यातली मिनिटाला ७२०० वेळा. तिच्यावर एक दांडी पुढे-मागे सरकून माहिती शोधते. प्रत्येक वेळी सेकंदाचे काही हजारावे भाग जातात. आपल्याला ते काहीच वाटत नाही, पण कॉम्प्युटर सुरू होताना अशा हजारो फेऱ्या होतात. प्रोसेसर बिचारा हात बांधून वाट बघत असतो. तिथे आय-सेव्हन बसवला असता तर त्यानेही तशीच वाट बघितली असती. एसएसडीमध्ये फिरणारे काही नसते, त्यामुळे तिथे ही शोधाशोध जवळजवळ संपते. आमचा मदरबोर्ड जुना, एच ६१ चिपसेटचा. त्यावर एसएसडीचा पूर्ण वेग मिळत नाही. पण आमची अडचण शोधाशोधीची होती, तेवढ्यासाठी तो पुरेसा होता.

सांगलीच्या दुकानदाराने आणखी एक गोष्ट सांगितली. आय-सेव्हन ३७७० आमच्या बोर्डाने ओळखावा म्हणून आधी बायोस अपडेट करावा लागेल. ते चालू असताना वीज गेली तर बोर्डच कायमचा बंद पडू शकतो. आमच्याकडे वीज विचारून जात नाही आणि यूपीएसची बॅटरी तर कधीच मेली आहे.

शिवाय विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालते. आय-सेव्हन ३७७० तिसऱ्या पिढीचा. म्हणजे साडेचार हजार घालूनही आम्ही दाराबाहेरच राहिलो असतो.

माझ्यापुरता निकाल लागला होता. मी लेकीला म्हटले, "प्रोसेसर नको. एसएसडी आणि थोडी रॅम घालू, तुझंही काम होईल."

ती "ठीक आहे" म्हणाली, पण ते ठीक वाटले नाही. मी म्हटले, "तुझं कॉलेजचं काम लाव, मला बघू दे." तिने अँड्रॉइड ॲप बनवायचे सॉफ्टवेअर उघडले आणि प्रोजेक्ट चालवला. या वेळी प्रोसेसरची रेघ वर गेली ती शंभरावरच थांबली. माऊसचा बाणही हलेना. म्हणजे माझ्या कामात प्रोसेसर मोकळा होता आणि तिच्या कामात तो खरोखरच थकत होता. एकच यंत्र, दोन आजार. मी माझाच तपासून दोघांना औषध लिहून दिले होते.

"वर्गात बाकीचे कशावर करतात?" मी विचारले.

"लॅपटॉपवर."

"सगळे?"

"बहुतेक." मग थोड्या वेळाने, "मी लॅबमध्ये थांबून करते अब्बू. चालतंय. प्रोसेसर बदलला असता तर घरी पण झालं असतं."

तेव्हा माझ्या लक्षात आले की प्रोसेसरची गोष्ट मुळात कुठून निघाली होती. लॅपटॉप मागायचा नाही म्हणून तिने शोधून शोधून पाच हजारांचा रस्ता काढला होता. आणि मी चार दिवस कोअर आणि गिगाहर्ट्झ वाचत बसलो होतो.

त्या रात्री आम्ही दोघांनी हिशेब मांडला. एसएसडी १८०० रुपये, जुन्यातली चार जीबी रॅम ६०० आणि प्रोसेसरवर लावायची पेस्ट १५०. एकूण २५५०. उरलेले ८४५० तिच्या लॅपटॉपसाठी बाजूला. दर महिन्याला त्यात काहीतरी पडेल आणि दुसरे वर्ष सुरू होण्याआधी घ्यायचा, असे ठरले. आय-सेव्हन घेतला असता तर हीच रक्कम निम्म्यावर आली असती आणि "सध्या चाललंय ना" म्हणत लॅपटॉप आणखी वर्षभर लांबला असता. स्वस्तातला उपाय कधी कधी असा महाग पडतो.

रविवारी लेकीनेच पेटी उघडली. पंखा काढला तर खाली पेस्ट सुकून भुकटी झालेली. अब्बांनी कपाटातून डोळ्याला लावायचे भिंग काढले, वाकून बघितले आणि म्हणाले, "बघ, सुकलंच होतं."

"यात ज्वेल किती?" त्यांनी विचारले. त्यांच्या काळी सतरा ज्वेलचे घड्याळ म्हणजे चांगले घड्याळ.

"ज्वेल नसतात दादाजान, ट्रान्झिस्टर असतात. कोट्यवधी."

"मग सांभाळून पूस."

तिने लिनक्स मिंट घातले. माझा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड त्यात चालतो, जुने लेख उघडतात. आता चाळीस सेकंदांत लिहायला बसता येते. चहा मात्र बायको पूर्वीच्याच वेळेला ठेवते, त्यामुळे हल्ली तो मला मागून मिळतो.

तुमच्याही घरात असा जुना कॉम्प्युटर रेंगाळत असेल तर दुकानात जाण्याआधी दहा मिनिटे टास्क मॅनेजर उघडून बसा. आणि तो बदलायचा हट्ट घरात कोण धरते आहे, त्याच्या शेजारीही थोडा वेळ बसा.