मागच्या दाराने मलबार हिल

"सर, मी मलबार हिल घेतलं तर चालेल का?"

तृतीय वर्षाच्या इतिहासाच्या तासाला 'आपला परिसर' या विषयावर प्रत्येकाने एक प्रकल्प करायचा, असं ठरलं होतं. कुणी वसईचा किल्ला घेतला, कुणी सोपाऱ्याचा स्तूप, कुणी आपल्या गावातली गिरणी. माझी पाळी आली तेव्हा सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही नालासोपाऱ्याहून येता ना? मग मलबार हिल हा तुमचा परिसर कसा काय?"

वर्गात हशा पिकला. मीही हसले. काय उत्तर द्यावं ते त्या वेळी सुचलं नाही. हा लेख म्हणजे सरांच्या त्या प्रश्नाचं चार महिने उशिरा दिलेलं उत्तर आहे.

मलबार हिल म्हटलं की तुम्हां-आम्हांला काय आठवतं? शाळेची सहल, कमला नेहरू उद्यानातला म्हातारीचा बूट, हँगिंग गार्डनमधली झुडपं कातरून केलेली जनावरं आणि कठड्याला टेकून पाहिलेली चौपाटी! बस सुटली की मलबार हिल संपली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच भिंती असतात, फाटकं असतात, फाटकापाशी पहारेकरी असतो. आत काय आहे ते सहलीतल्या मुलांना दिसत नाही.

मला मात्र ते दिसलं होतं. माझा मामा त्यातल्या एका बंगल्यावर माळी होता. 1991 साली तो संगमेश्वराकडून मुंबईला आला आणि थेट त्या बंगल्याच्या आउटहाऊसमध्ये राहायला गेला. मे महिन्याची सुट्टी लागली की आई मला आठ-पंधरा दिवस मामाकडे सोडायची. ग्रँट रोडला उतरायचं, बस धरायची, चढावर उतरून भिंतीच्या कडेकडेने चालत जायचं. मोठ्या फाटकाशी थांबायचं नाही. पुढे वळणावर एक लहान लोखंडी दार होतं, त्यातून आत शिरायचं. त्या दाराला मामा 'आपलं दार' म्हणायचा. त्यामुळे कितीतरी वर्षं मला वाटे, की ते दार मामाच्या मालकीचं आहे!

प्रकल्पासाठी मी ग्रंथालयात बसून टिपणं काढू लागले आणि या टेकडीचं मोठं नवल वाटू लागलं. एके काळी हे सगळं रान होतं. टेकडीच्या टोकाला वाळकेश्वर आणि बाणगंगा. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी तळ्याचं पाणी गोड! जुनं देऊळ पोर्तुगीजांच्या काळात उद्ध्वस्त झालं. 1715 साली रामा कामत नावाच्या सारस्वत व्यापाऱ्याने ते पुन्हा उभं केलं. टेकडीवरच पारशी लोकांची डुंगरवाडी सतराव्या शतकापासून आहे. म्हणजे इथे देवाला येणारी माणसं होती आणि मेलेल्यांना पोचवायला येणारी माणसं होती. हौसेने राहायला कुणी येत नव्हतं. श्रीमंत लोक फोर्टात, माझगावला, भायखळ्याला, परळला राहत. 1819 ते 1827 या काळात गव्हर्नर असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने टेकडीच्या टोकावर, मलबार पॉइंटला, एक बंगली बांधली, पण गव्हर्नरचा खरा वाडा परळलाच राहिला.

मग ही टेकडी एवढी 'वरची' कशी झाली? मला वाटत होतं, देखाव्यामुळे. पुस्तकं वाचली तेव्हा कळलं, की देखावा होताच, पण माणसांना वर नेलं ते भीतीने. 1861 ते 1865 या काळात, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. फोर्टाचा तट पाडला गेला, गिरण्यांची धुराडी परळच्या आसमंतात उभी राहिली. खाली गर्दी वाढली, नाल्यांना घाण आली. 1882 साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी पटकीने गेल्या. (पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज 1885 साली निघालं ते याच गृहस्थांच्या नावाने.) त्यानंतर गव्हर्नरांचा कायमचा मुक्काम मलबार पॉइंटला हलला, तेच पुढे राजभवन झालं. राजा वर गेला, की दरबारही वर जातो. 1896 मध्ये मांडवीत प्लेग आला, लाखो माणसं शहर सोडून पळाली आणि ज्यांची ऐपत होती त्यांनी टेकडीवरच्या वाऱ्यात घरं शोधली. परळच्या रिकाम्या झालेल्या वाड्यात मात्र 1899 साली हाफकिनसाहेबांची प्लेगची प्रयोगशाळा आली! ज्या घरातून रोगाला भिऊन माणसं वर गेली, त्याच घरात रोगावर औषध शोधणारी माणसं राहायला आली. इतिहासाचा हा विनोद मला फार आवडला.

आता बंगल्याकडे येते. आमचा बंगला (बघा, मीही 'आमचा' म्हणून गेले!) दुमजली होता. किती जुना, ते मामालाही ठाऊक नव्हतं. दर्शनी भागात दगडी कमानींचा पोर्च, घोड्याची गाडी आत येऊन थांबावी एवढा रुंद. पुढे पश्चिमेकडे तोंड करून लांबच लांब व्हरांडा. समुद्रावरचा वारा आधी व्हरांड्यात यायचा, तिथे निवायचा आणि मग दिवाणखान्यात शिरायचा. छत इतकं उंच, की भर मे महिन्यातही आत गारवा. खिडक्यांना झिलमिल्या, आतून बाहेरचं दिसे, बाहेरून आतलं दिसत नसे. जिना बर्मी सागाचा, जमिनीवर रंगीत नक्षीच्या विलायती फरश्या, वर मंगलोरी कौलं. मालकीणबाई दुपारी झोपल्या, की मामा मला व्हरांड्याच्या पायरीपर्यंत नेई. "इथनं बघ गो बाय, पण आत पाय नको ठेवूस," म्हणे. मी तिथूनच सगळं पाहिलं. त्या सौंदर्याने मी अगदी भारून जाई. खोटं कशाला सांगू, आजही जाते.

पण बंगल्याला पाठ असते, आणि ती चित्रात कधी येत नाही. स्वयंपाकघर मुख्य घरापासून जरा तुटक, मधे पत्र्याची पडवी. फोडणीचा वास आणि धूर दिवाणखान्यात जाऊ नये, म्हणून. आणि मागच्या भिंतीला चिकटून वर गेलेला ओतीव लोखंडाचा गोल जिना. मी त्यावर चढायचे-उतरायचे, मला तो खेळ वाटे. तो तिथे कशासाठी, ते अलीकडे कळलं. जुन्या काळी, घरात नळ आणि सांडपाण्याची व्यवस्था येण्याआधी, वरच्या मजल्यावरची न्हाणीघरं साफ करणाऱ्या माणसाने घरातून जाऊ नये, कुणाला दिसू नये, म्हणून तो जिना बाहेरून. मुंबईतल्या कितीतरी जुन्या इमारतींच्या पाठीला असे गोल जिने आहेत. आपण त्यांना शोभेचे समजतो!

पुढे काळ बदलला, तशा इमारतीही बदलल्या. जे. जे.च्या वास्तुकला विभागाचे प्रमुख क्लॉड बॅटली यांनी 1936 साली जिनांसाठी 'साउथ कोर्ट' बांधला. संगमरवर आणि अक्रोडाच्या लाकडाच्या त्या घरी 1944 च्या सप्टेंबरात गांधीजी जवळच्या बिर्ला हाऊसमधून बोलणी करायला जात. बोलणी फिसकटली, घर अजून उभं आहे. होमी भाभांचा 'मेहरांगीर' मात्र 2014 साली 372 कोटींना विकला गेला आणि 2016 साली पाडला गेला. आपल्या सरकारनेही टेकडीवर बिऱ्हाड केलं. मुख्यमंत्र्यांचं 'वर्षा' तिथलंच, आणि शेजारपाजारच्या सरकारी बंगल्यांची नावं सह्याद्री, तोरणा, देवगिरी, रामटेक! सगळा महाराष्ट्र या टेकडीवर राहायला आलाय, असं पाट्यांवरून वाटतं. पण पाट्या वाचून पुढे गेलं, की जुन्या बंगल्यांच्या जागी टॉवर दिसतात. त्यातला एक मला मनापासून आवडतो: चार्ल्स कोरियांनी शेजारच्या कंबाला हिलवर बांधलेलं, 1983 साली पुरं झालेलं 'कांचनजंगा'. अठ्ठावीस मजल्यांच्या त्या इमारतीच्या कोपऱ्याकोपऱ्यांत दोन-दोन मजले उंच गच्च्या कोरल्या आहेत. ऊन आणि पावसाचा मारा आधी गच्चीने झेलायचा आणि मग घर. म्हणजे जुन्या बंगल्याचा व्हरांडाच तो, आकाशात टांगलेला. व्हरांडा टिकला हे पाहून बरं वाटलं. आउटहाऊसचं पुढे काय झालं, हे मात्र कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

2020 साली कोरोना आला. बंगल्याचं फाटक बंद झालं. जे आत होते ते आत, जे बाहेर होते ते बाहेर. मामा आत होता. त्याला जेवायला कमी पडलं नाही, पगार चुकला नाही. पण दहा महिने तो त्या लहान दारातून बाहेर पडला नाही. मामी गावी होती. फोनवर ती रडायची आणि मामा तिला सांगायचा, "अगो, हितं हवा चांगली हाय." परवा प्लेगची टिपणं काढताना ते वाक्य मला आठवलं आणि पेन खाली ठेवावं लागलं. सव्वाशे वर्षांपूर्वी माणसं टेकडीवर आली ती हवेसाठीच. त्यांच्याबरोबर त्यांचे माळी, स्वयंपाकी, मोतद्दारही आले असतील. ते आपापल्या घरच्यांना काय सांगत असतील?

मालकीणबाई 2021 च्या अखेरीस वारल्या. बाई मनाने चांगल्या होत्या. माझ्या दहावीला त्यांनी मामाबरोबर पुस्तकं पाठवली होती, त्यांतला शब्दकोश अजून माझ्याजवळ आहे. मुलं परदेशी, त्यांनी बंगला विकला. मामाला पैसे दिले नाहीत असं नाही, दिले. एकतीस वर्षांच्या नोकरीचा हिशेब झाला. फक्त घर गेलं. पण ते घर त्याचं होतं कुठे? पत्त्यावर बंगल्याचं नाव आणि खाली 'माळी'. रेशन कार्ड गावचं. 2022 च्या पावसाळ्यानंतर बंगला पडला. सागाचे वासे, फरश्या, झिलमिल्या, एवढंच काय तो गोल जिनासुद्धा, चोरबाजारातल्या व्यापाऱ्यांनी मोजून नेला. आउटहाऊसमध्ये नेण्यासारखं काही नव्हतं. ते एका सकाळी पडलं. मामा एक पत्र्याची पेटी आणि चाफ्याची एक फांदी घेऊन आमच्याकडे आला. फांदी आमच्या इमारतीच्या दारात लावली आहे. जगली आहे, पण अजून फुललेली नाही.

प्रकल्पात बंगल्याचा आराखडा द्यायचा होता. फोटो नव्हता, म्हणून मी आठवणीने काढला. दोन रात्री खपून पोर्च काढला, कमानी मोजून काढल्या, व्हरांडा, दिवाणखाना, झिलमिल्या, मागचं स्वयंपाकघर, गोल जिना, सगळं नीट शाई फिरवून पुरं केलं. स्वतःवरच खूष झाले. मामाला दाखवलं. त्याने चष्मा लावला, कागद जवळ धरला, लांब धरला. बराच वेळ बोट फिरवीत होता.

"झकास झालाय गो," तो म्हणाला. "पोर्च तर तस्साच. हौदपण बरोबर हाय." मग थोडं थांबून, अगदी सहज विचारल्यासारखं, "आपली खोली खंय?"

मी कागदाकडे पाहिलं. खोली नव्हती.

वाचकहो, मी त्या खोलीत नऊ उन्हाळे झोपले होते. तिच्या पत्र्यावरचा पावसाचा आवाज मला पाठ आहे. आणि मी ती विसरले! लहान लोखंडी दारसुद्धा विसरले. जी पुस्तकं मी वाचली त्यांत पोर्च होते, कमानी होत्या, गव्हर्नर होते, वास्तुविशारद होते. त्या पुस्तकांनी दाखवलं तेवढंच मी पाहिलं आणि माझे डोळे नकळत मोठ्या फाटकापाशी जाऊन उभे राहिले. वर्गात सर हसले, त्याचं मला वाईट वाटलं होतं. पण सरांनी फक्त विचारलं, की हा परिसर तुमचा कसा. मी तर माझ्याच हाताने तो कागदावरून पुसून टाकला होता.

त्या रात्री मी मामाला समोर बसवलं. "मामा, तू सांग, मी काढते," म्हटलं. तो सांगत गेला. बंगल्याच्या पाठीमागे, आंब्याच्या अंगाला, भिंतीला लागून तीन खोल्या. पहिली ड्रायव्हरची, दुसरी महाराजांची, तिसरी आपली. लांबी बारा फूट, रुंदी दहा फूट. एक खिडकी, तीही भिंतीकडे. तिघांत एक नळ. नळापासून सात पावलांवर ते लहान दार. "दार आत उघडायचं का बाहेर?" मी विचारलं. "आत," मामा म्हणाला. "बाहेर रस्ता ना."

प्रकल्प दिला, त्यात हे सगळं आहे. पहिल्या पानावर, परिसराशी आपला संबंध काय, असा एक रकाना होता. तिथे मी तिसऱ्या खोलीची मापं लिहिली आहेत.

— तृतीय वर्ष कला (इतिहास)