कन्व्हिनियन्स फी वाचवली आणि ताईचे अडतीस हजार अडकले

ही पोस्ट लिहायला मला आठ महिने लागले, कारण यात चूक माझीच आहे. पण आपल्याकडची माणसं आता पूर्वीपेक्षा जास्त विमानाने जायला लागलीत, तेव्हा माझ्या चुकीतून चार जण शहाणे झाले तर बरं.

गेल्या वर्षी मे महिन्यात भाचीच्या मुलाचं बारसं होतं, बंगळुरूला. आम्ही सहा जण जाणार. मी आणि बायको, आणि खंडाळ्याहून ताई, भावजी, भावजींच्या आई आणि धाकटा भाचा. आमची दोघांची तिकिटं मी विमान कंपनीच्या वेबसाइटवर माझ्या डेबिट कार्डाने काढली. सगळं भरून शेवटच्या पानावर आलो, तर तिथे नवीन ओळ: कन्व्हिनियन्स फी. माणशी ३५० रुपये, तेही प्रत्येक फेरीला. दोघांचं जाऊन-येऊन १,४०० रुपये. डोकंच फिरलं. पैसे मी भरायचे, टायपिंग मी करायचं, तिकीट माझ्या कागदावर छापायचं, आणि सोय कोणाची?

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन. "अरे, आमची पण तूच काढ ना." मी हिशेब केला, चार माणसं, दोन फेऱ्या, २,८०० रुपये नुसती फी. म्हटलं, "ताई, कशाला लुटवून घेतेस? आपल्या बाजारातला तो तिकीटवाला आहे ना, त्याच्याकडून काढ." त्याने चौघांचे मिळून ३८,००० सांगितले. वेबसाइटपेक्षा २,४०० ने कमी. ताईने त्याच्या मोबाइल नंबरवर पैसे पाठवले. पांढऱ्या कांद्याच्या माळा विकून जमवलेले पैसे होते ते. त्या हंगामात ती रोज उन्हात रस्त्याकडेला बसली होती.

जायच्या दिवशी सकाळी आम्ही सहाही जण मांडवा जेट्टीवर बोटीची वाट बघत होतो. माझ्या मोबाइलवर मेसेज आला: विमान रद्द, कारण 'ऑपरेशनल'. ताईकडे, भावजींकडे कसलाच मेसेज नाही. त्यांच्या तिकिटावर नंबर आणि ईमेल तिकीटवाल्याचा होता. मी सोबत नसतो तर म्हातारीला घेऊन ते थेट विमानतळावर गेले असते. कंपनीने दुसऱ्या दिवशी रात्रीचं विमान देऊ केलं. बारसं दुसऱ्या दिवशी सकाळी. मग कशाला जायचं? परतावा मागितला आणि बॅगा घेऊन घरी आलो. बारसं भावजींच्या आईने मोबाइलवर पाहिलं.

एकच विमान, एकच कुटुंब. पुढे काय झालं ते बघा.

माझे पैसे आठवड्याभरात कार्डाच्या खात्यावर परत आले. फक्त १,४०० कापलेले. म्हणजे विमान त्यांनी रद्द केलं, पण 'सोय' मात्र मी उपभोगली! त्यासाठी एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकली, मग तेही आले.

ताईचे आले नाहीत. कंपनी म्हणाली, आम्ही ज्याच्याकडून पैसे आले त्याला परत केले. शोध घेतला तेव्हा कळलं, आपल्या तिकीटवाल्याने एका मोठ्या पोर्टलवरच्या स्वतःच्या लॉगिनमधून तिकिटं काढलेली. परतावा त्या लॉगिनच्या वॉलेटमध्ये जमा. तिथून त्याने दुसऱ्यांची तिकिटं काढली. मी विचारायला गेलो तेव्हा त्याने खोटंही बोललं नाही. "दादा, पैसे फिरवले हो. देतो थोडे थोडे." १५,००० दिले, मग ८,०००. उरलेले १५,००० अजून यायचेत.

बँकेत गेलो. त्यांनी स्क्रीन बघून सांगितलं, व्यवहार यशस्वी झालाय. तुम्ही ज्याला पाठवले त्याला पोचले. त्याने पुढे काय केलं ते आमच्याकडे दिसत नाही. बरोबरच आहे. बँकेच्या दृष्टीने ताईने विमानाचं तिकीट घेतलेलंच नाही, एका ओळखीच्या माणसाला पैसे दिलेत.

तेव्हापासून या विषयाच्या मागे लागलो. जे समजलं ते सांगतो.

आधी फीबद्दल. मी चिडलो होतो ते चुकीचं नव्हतं. कार्डाने पैसे घेतले की दुकानदाराला बँकेला शुल्क द्यावं लागतं, त्याला एमडीआर म्हणतात. डेबिट कार्डासाठी रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून मोठ्या व्यापाऱ्यांना ०.९० टक्क्याची आणि एका व्यवहाराला १,००० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. ३८,००० वर ते होतात ३४२ रुपये. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, पण दोन टक्के धरले तरी ७६०. आणि यूपीआय किंवा रुपे डेबिट कार्डाने भरलं तर १ जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य. मग चार माणसांना २,८०० कसे? कार्ड एकदाच लागतं, फी मात्र माणसागणिक आणि फेरीगणिक लागते. कंपन्या म्हणतात वेबसाइट चालवायलाही खर्च येतो. येत असेल. पण रेल्वेच्या आयआरसीटीसीलाही तो येतो. तिथे फी तिकिटामागे आहे, यूपीआयने भरलं तर बिगर एसीला १० आणि एसीला २० रुपये, वर जीएसटी. एका तिकिटावर सहा माणसं असली तरी एकदाच.

शिवाय ही रक्कम शेवटच्या पानावर दाखवणं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या ऑनलाइन क्लृप्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार सांगितलेत. किंमत आधी पूर्ण न सांगता थेंबाथेंबाने वाढवत नेणं हा त्यातलाच एक. मांडव्याच्या बोटीच्या खिडकीवर जो दर लिहिलाय तोच आपण देतो. विमानाला वेगळा न्याय का?

पण, आणि इथेच माझं चुकलं, फी अन्यायाची आहे म्हणून ती चुकवायचा कुठलाही रस्ता बरा असं होत नाही. त्या २,८०० रुपयांत संरक्षण अजिबात विकत मिळत नाही, हे खरं. संरक्षण मिळतं ते पैसे कुठून कुठे गेले त्याच्या माग काढता येण्यातून. स्वतःच्या कार्डाने थेट विमान कंपनीला पैसे दिले, सेवा मिळाली नाही आणि कंपनीने परत केले नाहीत, तर आपण आपल्या बँकेला 'चार्जबॅक' मागू शकतो. मग आपली बँक ते पैसे कंपनीच्या बँकेकडे मागते. व्हिसा-मास्टरकार्डच्या नियमांत यासाठी साधारण १२० दिवसांची मुदत असते, म्हणून थांबायचं नाही.

हे किती महत्त्वाचं आहे ते कंपनी बुडाली की कळतं. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं. गो फर्स्टने २ मे २०२३ ला दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून विमानं बंद. एकदा दिवाळखोरीचं प्रकरण दाखल करून घेतलं की कंपनीवर नवीन दावे लावता येत नाहीत, आणि प्रवासी घेणेकऱ्यांच्या रांगेत अगदी मागे उभा राहतो. दोन्ही कंपन्या शेवटी लिलावात, म्हणजे अवसायनात गेल्या. तिथे कंपनीच्या दारात उभं राहण्यापेक्षा स्वतःच्या बँकेच्या दारात उभं राहणं बरं.

ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्यातलं ७५ वं कलम आहे. १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंतची खरेदी क्रेडिट कार्डाने केली तर विक्रेत्याइतकीच कार्ड कंपनीही जबाबदार. आणि १३ जानेवारी २०१८ पासून तिथे कार्डाने पैसे देण्याबद्दल ग्राहकाकडून वेगळा आकार घ्यायला बंदी आहे. आपल्याकडे चार्जबॅक आहे तो कार्ड कंपन्यांच्या नियमांनी, कायद्याने दिलेला हक्क म्हणून नाही. माझं म्हणणं एवढंच, फी घ्यायचीच असेल तर एका व्यवहाराला एकदा घ्या, पहिल्या पानावर दाखवा, आणि विमान तुम्ही रद्द केलं तर न मागता परत करा.

आता ताईच्या प्रकरणातलं खरं. डीजीसीएच्या परताव्याच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की तिकीट एजंटकडून काढलं असलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीची, कारण एजंट हा तिचाच नेमलेला प्रतिनिधी. लॉकडाऊनमधल्या तिकिटांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० ला निकाल दिला, त्यातही एजंटकडे आलेला परतावा त्याने लगेच प्रवाशाला द्यायचा असं सांगितलं होतं. हे आम्हाला माहीत नव्हतं. अजून एक माहीत नव्हतं. ऐन वेळी विमान रद्द झालं आणि कारण कंपनीच्या हाताबाहेरचं नसेल, तर परताव्याशिवाय भरपाईही असते. मुंबई-बंगळुरूसारख्या एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ती ७,५०० रुपये किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतलं जे कमी ते. पण बुकिंग करताना प्रवाशाने संपर्काची नीट माहिती दिली नसेल तर ही भरपाई मिळत नाही. म्हणजे तिकिटावर तिकीटवाल्याचा नंबर टाकला तिथेच ताईची बाजू लंगडी झाली.

म्हणून माझ्या लोकांनो, एवढं करा:

१. एजंटकडून काढायचं तर खुशाल काढा, पण तिकिटावर नंबर आणि ईमेल स्वतःचा घाला.

२. पैसे त्याच्या खासगी नंबरवर पाठवू नका. दुकानाच्या नावाने पावती घ्या. जमलं तर त्याच्यासमोर बसून स्वतःच्या कार्डाने थेट कंपनीला भरा आणि त्याची मेहनत त्याला वेगळी द्या.

३. तिकीट 'नॉन रिफंडेबल' असलं तरी रद्द केल्यावर सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळतं. ते मागा.

४. आधी कंपनीला लेखी तक्रार, मग एअरसेवा, मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तरी नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. आपला अलिबागलाच आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथे तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस दिल्लीत असो की कुठे. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांच्या आत दाखल करायची.

ताई आयोगात जायला तयार नव्हती. "गावातला पोरगा आहे रे. त्याच्या बहिणीच्या लग्नात मी हळद लावलीये. त्याच्यावर केस कशी करू?" पंधरा हजार गेले तरी चालतील, पण बाजारात तोंड चुकवून जायला नको, असं तिचं म्हणणं. मी सहा महिने गप्प बसलो, कारण तिला त्याच्याकडे पाठवणारा मीच.

नियम वाचल्यावर तिला सांगितलं, ताई, तक्रार कंपनीवर आहे. पैसे देणं तिच्यावर आहे, तिने तिच्या माणसाकडून वसूल करावेत. त्यालाही सांगून आलो. तो म्हणाला, "करा दादा, पोर्टलचा स्टेटमेंट मी देतो." दिलाही.

गेल्या आठवड्यात ताईने तक्रारअर्जावर सही केली. आम्ही अलिबागला जाऊन दाखल करून आलो. निकाल काय लागेल तो इथेच कळवीन.

उलव्याचा विमानतळ २५ डिसेंबरपासून सुरू झालाय. आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच माणसांच्या जमिनीवर. आता कोणाची पोरगी बंगळुरूला, कोणाचा मुलगा आखातात, तिकिटं काढणं वाढतच जाणार. घरात कोणी पहिल्यांदा विमानाने जाणार असेल तर त्याला हे वाचून दाखवा. आणि तुमचा परतावा अडकला असेल तर खाली लिहा. कागद काय लागतात ते मी सांगतो, आता मला पाठ झालेत.