लाल फीत

कड्यावर नवी वाट काढायची म्हणजे आधी दोरावर लोंबकळत खडकात भोकं पाडून बोल्ट ठोकायचे. खर्च आणि घाम ज्याचा त्याचा. मग पडत-झडत महिनोन्‌महिने सराव. परदेशात अशा वाटेच्या पहिल्या बोल्टला लाल फीत बांधतात, असं नातवाकडून कळलं. अर्थ एवढाच, की काम चालू आहे, कृपया थांबा. सक्ती कुणाची नाही, तरी बरेच जण पाळतात. मला हे पटलं. फळ्यापाशी अडलेल्या मुलाला मागच्या बाकावरून कुणी उत्तर सांगितलेलं मला खपत नसे.

पण फीत किती वर्षं ठेवायची? इथे आमचं वाजलं. नातू म्हणतो, खडक काय कुणाच्या बापाचा आहे? (भाषा त्याची!)

मग त्यानंच ख्रिस शर्माची हकिकत सांगितली. नावावर जाऊ नका, गृहस्थ अमेरिकन आहे. स्पेनमध्ये ओलियानाला त्यानं 'ला दुरा दुरा' नावाची महाकठीण वाट बोल्ट मारून तयार केली. पण ती काही पुरी होईना. तेव्हा त्यानं बारा वर्षांनी लहान असलेल्या चेक देशाच्या अ‍ॅडम ओंद्राला तिच्यावर प्रयत्न करू दिले. दोघं एकाच वाटेवर झटले. फेब्रुवारी २०१३ मध्ये ओंद्रा आधी चढला, शर्मा मार्चमध्ये.

"बघा आबा, माझंच खरं!" इति नातू. अरे, पण शर्मानं आपणहून वाट दिली होती ना? वाद चालू आहे.