आतल्या बाजूची साखळी

बेळगावच्या कॅम्पात आमच्या घराखालीच पप्पांचं फोटोफ्रेमचं दुकान आहे. १० फूट रुंद, ८ फूट उंच शटर. इतकी वर्षं ते पप्पाच उचलायचे. गेल्या वर्षी त्यांचा उजवा खांदा धरला आणि रोज सकाळी "जरा खाली ये की गं" अशी हाक सुरू झाली. मी एका बाजूनं हात लावायची. तेवढा वेळ पप्पा दुसरीकडे बघायचे.

शेवटी मोटारीचं शटर बसवायचं ठरलं. निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात इंग्रजी माहितीपत्रकं वाचणारी मीच. (साहित्य शिकण्याचा एवढा तरी उपयोग!) मी रंग, रिमोट आणि किंमत बघितली. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो हे उलटं गणितही शिकले. २० ऐवजी १८ गेज घ्यायचा, हा माझा मोठा शोध.

पप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "करंट गेला आणि मामा आत असले तर?"

मामा म्हणजे आमचे कारागीर. दुपारी जेवून ते शटर खाली ओढतात आणि काचेच्या पेट्यांमागे आडवे होतात. दुकानाला मागचं दार नाही. हे मला रोज दिसत होतं, पण माझ्या यादीत नव्हतं.

मग मिस्त्रींना बोलावलं. ते म्हणाले, आमच्या मापाला मधली मोटार पुरेल. वरच्या पाइपातल्या स्प्रिंगा तशाच राहतात, बरंचसं वजन त्याच पेलतात. लाईट गेली की आतली दोरी ओढून मोटार सोडवायची आणि शटर हातानं उचलायचं. स्वस्तही पडतं. पण हातानं म्हणजे कुणाच्या हातानं? पप्पांचा खांदा असा, आणि मामांनी साठी ओलांडलेली.

दुसरी, बाजूला बसणारी मोटार. ती जास्त करून गोदामांना लावतात. तिला लोंबती साखळी असते. गिअरमुळे शटर हळूहळू चढतं, पण जोर लागत नाही. फक्त बाजूला जागा हवी. त्यासाठी फ्रेमच्या नमुन्यांचं एक कपाट काढावं लागलं. पप्पा दोन दिवस त्यावरून कुरकुरले. साखळी आत राहणार, मग बाहेरून उघडायचं कसं? म्हणून वेगळा यूपीएस घेतला. मिस्त्रींनी घोट्याच्या उंचीवर प्रकाशाचा सेन्सरही सुचवला. मला तो खर्च उगाच वाटला होता.

शटर बसलं त्याच आठवड्यात मी मैत्रिणीला दाखवायला वरच्या गॅलरीतून रिमोट दाबला. शटर घरघरत खाली आलं आणि मध्येच थांबलं. मी परत दाबला, तरी थांबलं. खाली जाऊन बघते तर मामा उंबऱ्यावर बसून काचेचे तुकडे वेचत होते. त्यांचा पाय सेन्सरच्या आड आला होता.

"बिघडलं वाटतं गं," मामा म्हणाले.

पप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या हातातला रिमोट घेतला, फ्रेमचा एक हूक काढला आणि शटरच्या आतल्या बाजूला, साखळीशेजारी ठोकला. रिमोट आता तिथंच असतो.