पाय पुढे करताना

पवित्र गुरुवारी ज्या बारा जणांचे पाय धुतले जातात, त्यांच्या यादीत यंदा माझे नाव आले, तेव्हा आनंदाआधी संकोचच वाटला. उजव्या टाचेखालची एक टणक गाठ मी सहा महिने मोज्यात लपविली होती. वसईच्या वाडीत अनवाणी वाढलेल्या मला ते कुरूप वाटले. आणि कुरूप म्हटले की दाढीचे पाते हाती घ्यायचे, हा आमचा जुना रिवाज! पात्याने भागेना, तेव्हा औषधाच्या दुकानातून कॉर्न कॅप आणून चिकटविली. मधुमेहाने माझ्या पायांची संवेदना मंदावलेली. त्या औषधाने कातडी भाजून जखम झाली, तरी मोज्यावर डाग दिसेपर्यंत मला पत्ता नव्हता.

सुनेने बळेच डॉक्टरांकडे नेले. ते म्हणाले, "हे कुरूप नव्हे, चामखीळ आहे." कुरूप सततच्या दाबाने होते, चामखीळ पॅपिलोमा विषाणूमुळे. तळपायाच्या रेघा तिच्यापाशी तुटतात, आत गोठलेल्या रक्ताचे काळे ठिपके दिसतात. ओली न्हाणी, सामाईक वजरी यांतून ती पसरते, कापल्याने अधिकच.

नातवाच्या पायालाही तीच निघाली. त्याला मात्र घरचा उपचार सांगितला : रोज रात्री पाय दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवायचा, मऊ झालेली कातडी स्वतंत्र वजरीने हलकेच घासायची, भोवतालच्या त्वचेला पेट्रोलियम जेली लावून केवळ चामखिळीवर सॅलिसिलिक आम्लाचे औषध लावायचे. तीन महिन्यांची चिकाटी हवी. मुलांची चामखीळ पुष्कळदा आपोआपही जाते. मात्र मधुमेही, बधिर वा रक्तपुरवठा कमी असलेल्या पायांवर हा प्रयोग स्वतःहून करू नये. रक्त वा पू आला, रंग-रूप बदलले, चालणे कठीण झाले, किंवा गाठ कसली हेच कळेना, तर डॉक्टरांकडे जावे.

पवित्र गुरुवारपर्यंत जखम पुरती भरली नव्हती. फादरांना मी आधीच सारे सांगितले. शेवटच्या भोजनाच्या वेळी पाय पुढे करण्यास पेत्रही कचरला होता. त्याचा संकोच मला त्या संध्याकाळी उमगला. फादरांनी माझा डावा पाय धुतला. उजव्यावर पट्टी होती. पण मोजा मी दोन्ही पायांचा काढून ठेवला होता.