न सांगता दारू सोडवा

थर्टी फर्स्टला होस्टेलच्या गच्चीवर मी थम्स अपचा ग्लास घेऊन कडेला बसतो, म्हणून मला सगळे 'ताक' म्हणतात. म्हणोत बापडे. दर वर्षी दोन पेग झाल्यावर कुणीतरी गळ्यात हात टाकून विचारतंच, "ताक, खरं सांग, घरी घाबरतोस ना?" तीन वर्षं हसून वेळ मारून नेली. आता शेवटची सेम आहे, म्हणून सांगून टाकतो.

आमचं घर ठाकुर्लीला. डोंबिवली आणि कल्याणच्या मधलं, फास्ट लोकल ज्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही ते स्टेशन. बाबा कितीच्या गाडीने उतरतात यावर आमची रात्र ठरायची. सातच्या आत आले तर जेवण एकत्र. साडेनऊ वाजले की आई माझं ताट आधीच वाढायची. दहावीत असताना मी स्टेशनच्या पुलावर उभा राहून लांबूनच त्यांची चाल बघायचो आणि त्यांच्या आधी धावत घरी येऊन आईला सांगायचो. घरातलं हवामान खातंच म्हणा ना.

लोकलच्या डब्यात 'न सांगता दारू सोडवा' अशी स्टिकरं असतात. तसला एक नंबर आईने एकदा लिहून आणला. पुडी आली, आमटीत पडली आणि बाबांना रात्रभर उलट्या झाल्या. आमच्या डॉक्टरांनी आईला चांगलंच फैलावर घेतलं. अशा पुडीत दारूशी न जमणारं औषध असलं आणि त्यावर माणूस प्यायला, तर जीवही जाऊ शकतो. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तरी फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. तेव्हा आधी डॉक्टरकडे आणायचं. दाखल करायचं झालं तर पुण्याचं मुक्तांगण आहे, अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं. नाहीतर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला तरी पाठवा, म्हणाले.

पण "मी काय बेवडा आहे?" हे बाबांचं उत्तर ठरलेलं. शेवटी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मीच हेल्पलाइनला फोन केला. ओपन मीटिंगला घरचे लोकही बसू शकतात, असं कळलं. जागा निघाली घरापासून पंधरा मिनिटांवरची एक शाळा! फाटकावरून तीनदा पुढे गेलो. कोणी ओळखीचं भेटलं तर हाच पितो असं वाटेल, ही भीती. (बाबांना इतकी वर्षं काय वाटत असेल, हे तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं.)

पाचवीचा वर्ग. फळ्यावर सकाळचा लसावि तसाच. छोट्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली मोठी माणसं. कुणी आडनाव विचारलं नाही, चहा मात्र लगेच हातात आला. एकेक जण उठायचा, नुसतं नाव आणि 'मी अल्कोहोलिक' एवढं सांगून स्वतःचं बोलायचा. एक काका म्हणाले, "माझी मुलगी दिवा बंद करून गॅलरीत उभी राहायची. तिला वाटायचं मला दिसत नाही. मी कोपऱ्यावर दहा मिनिटं थांबून चाल नीट करायचो, मग घरी जायचो." मी मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.

तासाभरात एकानेही दुसऱ्याला सल्ला दिला नाही. मी तर बाबांना इतकी लेक्चर्स दिली होती की अटेंडन्स घेतली असती तर ते डिफॉल्टर निघाले असते. पुढे वाचलं तेव्हा यातली मेख कळली. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल नावाचा शेअर दलाल धंद्यात आपटला होता. हॉटेलचा बार त्याला खुणावू लागला, तेव्हा त्याने फोन फिरवून दुसरा एखादा पिणारा शोधला. तो भेटला डॉ. बॉब. बिल त्याला सुधारायला गेला नव्हता, स्वतः पिऊ नये म्हणून गेला होता. त्या दोघांतून ही संघटना उभी राहिली आणि १९५७ साली भारतात आली. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त तळीरामाने पिणाऱ्यांचं आर्यमदिरामंडळ काढलं होतं, हे म्हणजे त्याचं बरोब्बर उलटं मंडळ. असो.

त्या रात्री बाबांना लेक्चर दिलं नाही. मी कुठे जाऊन आलो एवढंच सांगितलं. ते टीव्ही बघत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "भाड्याचे पैसे कोण देतं?" हिशेबाचा माणूस!

"मेंबर लोक आपसांत डबा फिरवतात. मीही टाकायला गेलो, तर म्हणाले, पाहुण्यांचे घेत नाही."

"हं."

जानेवारीत आईचा फोन आला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून सातला बाहेर पडले होते, कुठे ते न सांगता. ती गॅलरीतून बोलत होती. मी म्हटलं, "उभी राहा, पण दिवा लाव."

त्यानंतर दर मंगळवारी जातात. गेल्या महिन्यात एकदा पिऊन आले. पुढच्या मंगळवारी जातील की नाही, कुणीच विचारलं नाही. गेले.